दुधाच्या गाडीवरची शाई

खोली बघायला येणारा माणूस आधी भाडं विचारतो, मग पाणी विचारतो आणि निघता निघता गाडी कुठं लावायची ते विचारतो. ती फाटकातून आत आली, अंगणाच्या मधोमध उभी राहिली, डोळे मिटून तिनं लांब श्वास घेतला आणि हिंदीत विचारलं, "इथे धूळ किती असते?"

मी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत काढलेली. खडूच्या धुळीवरच माझा प्रपंच चालला. म्हटलं, "मी निवृत्त झाल्यापासून बरीच कमी आहे."

"आणि मांजर?"

"एक आहे. पण ती भाड्यात धरलेली नाही."

विनोद तिच्यापर्यंत पोचला नाही. तिनं गंभीरपणे मान हलवली, आमच्या मनीकडे आणि विशेषतः मनीच्या मानेखालच्या पांढऱ्या केसांकडे बराच वेळ पाहिलं, आणि खोलीचं दार न उघडताच सांगून टाकलं की ती उद्यापासून राहायला येते.

वय तेवीस-चोवीस असेल. उंच, सडपातळ, आणि चालताना नेहमी काहीतरी विसरून आल्यासारखी मध्येच थांबणारी. मूळची अफगाणिस्तानातल्या हेरातची. गावानं पहिल्याच दिवशी तिला काबूलची करून टाकलं. मुळशीच्या माणसाला कुणी नागपूरचा म्हटलं तर त्याला जसं वाटेल, तसं तिला वाटायचं. ती प्रत्येकाला थांबवून सांगायची, "काबूल न्हाई. हेरात." पुण्याला शिकायला आली होती. शिक्षण चालू असतानाच तिकडं राज्य बदललं, मुलींच्या शाळा बंद झाल्या, जिवंत माणसाचं चित्र काढायला बंदी आली, आणि हिची परतीची वाट तिथंच मिटली. घरी कधी जाणार असं कुणी विचारलं की ती शांतपणे म्हणायची, "मला घरी जायला उशीर झालाय." शाळा सुटल्यावर वाटेत रेंगाळलेल्या पोरीनं म्हणावं, तशा सुरात.

आधी ती भूगावला आपल्या देशातल्या मुलींबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायची. तिथं खिडकीच्या तिन्ही बाजूंना इमारती उठत होत्या. हिचा कागद ओला असतानाच त्यावर सिमेंट येऊन बसायचं. म्हणून दर रविवारी बसमध्ये बसून ही नाकानं गाव शोधत फिरायची. खिंड उतरून आमच्या मुठा गावात आल्यावर तिला पहिल्यांदा शिंक आली नाही, एवढीच आमच्या गावाची पुण्याई.

मराठी ती माझ्या धाकट्या जावेकडून शिकली. जाऊबाईंची भाषा गोठ्यातली, रोखठोक. त्यामुळं या पोरीला "आहे" माहीतच नव्हतं, सगळं "हाय". एकदा कॉलेजात तिनं पुण्याच्या एका नामांकित प्राध्यापकांना ऐकवलं, "सर, तुमी लई घाई करताय. जरा दमानं घ्या." ते गृहस्थ म्हणे खुर्चीत बसले आणि नंतर खरोखरच दमानं शिकवू लागले. मी तिला प्रमाण मराठी शिकवायला बसले होते, पण दोन दिवसांत हात टेकले. पौडला ती डिंक आणायला एका मुसलमान दुकानदाराकडं जायची. आपला माणूस भेटला म्हणून तिनं भरभरून उर्दू सुरू केली, तर तो म्हातारा म्हणाला, "पोरी, माझ्या बापजाद्यापासनं आमी हितलंच. मराठीत बोल की, बरं कळंल." मग दोघं मावळी मराठीत डिंकाची घासाघीस करत बसले.

भेटेल त्याला ती एक प्रश्न विचारायची: तुमच्या स्वप्नात कुठला रंग जास्त असतो? माझ्या दिरांनी मिशीवरून हात फिरवून विचार केला आणि सांगितलं, "सपान पडतच न्हाई. पडलंच तर म्हस दिसती." त्यावर ती इतकी खूश झाली! म्हणाली, काळा रंग सगळ्यात अवघड, ज्याला स्वप्नात काळा दिसतो तो भाग्यवान. तेव्हापासून दीर गावात जरा ताठ चालायला लागले. हिवाळ्यात सकाळी भाताच्या मोकळ्या खाचरांवर धुकं उतरायचं, डोंगर अर्धा दिसायचा अन् अर्धा नाही. त्या वेळी ही बांधावर बसलेली असायची, हातात काही नाही, कागद नाही, पेन्सिल नाही. थंडी वाजेल म्हणून हाक मारली तर म्हणायची, "बाई, म्या काम करतीया." मला पहिल्यांदा वाटलं, थट्टा करते. मग मी पण एकदोनदा तिच्या शेजारी जाऊन बसले. काय झालं ते सांगता येणार नाही, पण परत आल्यावर चहा वेगळा लागला.

तिची चित्रं जुन्या हेराती पद्धतीची, तळहाताएवढी, त्यात बागा, कमानी, माणसं, आणि सगळं इतकं बारीक की मला भिंग घ्यावं लागायचं. कागद, ब्रश, शाई, काहीच तयार विकत आणायचं नाही हा तिच्या हेरातच्या उस्तादांचा नियम. कागदाला ती आमच्या इंद्रायणी तांदळाची पेज पाजायची, वाळवायची आणि मुठेच्या पात्रातल्या गुळगुळीत गोट्यानं तासन्‌तास घोटायची. "उपाशी कागद रंग खातो," असं उस्ताद सांगायचे म्हणे. जाऊबाई दारातून बघायच्या अन् मला विचारायच्या, "आक्का, ही सोता चहा-बिस्किटावं ऱ्हाती आन् कागदाला जेवू घालती व्हय?" ब्रशासाठी मनीच्या मानेखालचे गळालेले केस. त्यासाठी ही रोज मनीला विंचरायची आणि प्रत्येक वेळी बशीभर दूध द्यायची. फुकट घेतलेल्या केसाची रेघ वाकडी येते, असं तिचं म्हणणं. मनी महिन्याभरात अशी फुगली की तिला कुंपणावर चढता येईना.

पण खरा इतिहास घडला तो शाईचा.

काजळी धरायला तिला शिकवावं लागलं नाही. आपण घरी काजळ धरतो तसंच, दिव्यावर तांब्याची ताटली उपडी टाकून. काजळीत डिंकाचं पाणी घातलं आणि बाटली भरली. मला वाटलं, झाली शाई. ती म्हणाली, आत्ता तर जन्मली. आता तिला हलायला पाहिजे, दिवसचे दिवस, पण माणसाच्या हातानं नाही. जुन्या काळी म्हणे उस्तादांचे उस्ताद शाईची बाटली उंटाला बांधून द्यायचे. काफिला दूर जाऊन परत येईपर्यंत शाई तयार व्हायची. मुठ्यात उंट कुठला? तिनं आधी म्हशीच्या मागं मागं फिरून पाहिलं आणि निकाल दिला की म्हैस फार सावकाश चालते, शाईला झोप येईल. एसटीच्या ड्रायव्हरनं हात जोडले. शेवटी तिची नजर माझ्या पुतण्याच्या मोटरसायकलवर गेली. तो रोज दुधाचे कॅन लावून खिंड चढून पौडला जातो. आमच्या खिंडीतल्या रस्त्याचं वर्णन मी करत नाही. एवढंच सांगते की त्या रस्त्याची मनापासून स्तुती करणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

ऊन लागू नये म्हणून बाटलीला काळं फडकं गुंडाळून तिनं ती हँडलखाली घट्ट बांधली. पुतण्या दर पावसाळ्यात खिंडीत दोनदा तरी आडवा व्हायचा. बाटली फुटू नये म्हणून तो आता हळू चालवू लागला, त्यामुळं घसरायचा थांबला. आता माझ्यासारखीला यात हळू चालवणं दिसतं. गावाला काळं फडकं दिसलं.

एके दिवशी सकाळी ती पुतण्याकडे बाटली मागायला गेली, तर बाटली जागेवर नाही. तो डोकं खाजवत माझ्याकडं आला. "काकी, म्या दिली ती. खालच्या आळीतल्यानं नवी पिकअप घेतली न्हवं, पूजा व्हती तिची. म्हनला, नजर काढायची बाटली हाय ना, येवडी पह्यली खेप व्हऊ दे. मग म्या न्हाई कसं म्हनू?"

"अरे, ती शाई आहे!"

"व्हय, पर गुन हाय तिच्यात."

पिकअप तोवर श्रीवर्धनला नारळ-सुपारी आणायला गेली होती. आता ही रडणार, म्हणून मी आधीच पदर सावरून बसले. तिनं फक्त विचारलं, "वाटंत घाट हाय का?" पुतण्या म्हणाला, ताम्हिणी हाय. तिच्या चेहऱ्यावर असा उजेड आला की काय सांगू. "मंग ऱ्हाऊ द्या. दोन खेपा ऱ्हाऊ द्या."

बाटली परत आली तेव्हा तिनं मनीच्या केसाच्या ब्रशानं स्वतःच्या नखावर एक रेघ ओढली. ती रेघ बघायला अर्धी आळी आमच्या ओट्यावर. जाऊबाई म्हणाल्या, "बया, केसापरीस बारीक!" पिकअपवाल्याचं रेघेकडं लक्षच नव्हतं, त्याला बाटली परत हवी होती. तिनं औषधाच्या एका लहान बाटलीत थोडी शाई ओतून, काळ्या फडक्यात बांधून त्याला दिली. गावात आता ती "शाईवाली" झाली, आणि काबूल-हेरातचा वाद कायमचा मिटला.

ही सगळी यातायात एका चित्रासाठी होती. हेरातला उस्तादांच्या कारखान्यात, म्हणजे घराच्या माडीवर, आठ-दहा मुली एकत्र शिकायच्या. माडी आता बंद. मुली आपापल्या घरात. त्या सगळ्या मुली तशाच बसलेल्या, कुणी कागद घोटते आहे, कुणी रंग वाटते आहे, असं ते चित्र. कपडे, गालिचा, खिडकी, खिडकीबाहेरचा पाइनचा शेंडा, सगळं झालं होतं. चेहरे तेवढे कोरे. चेहरे शेवटी काढायचे आणि ते नुसत्या आठवणीनं काढायचे नाहीत, असा तिचा स्वतःचा नियम. ज्या मुलीचा चेहरा काढायचा तिला फोन लावायची आणि विचारायची, "आज तुझा चेहरा कसा आहे?" ती जे सांगेल ते काढायची. एकीनं सांगितलं, दाढ दुखते, गाल सुजलाय. चित्रात तिचा गाल सुजलेला आहे. एक नुकतीच आईशी भांडून बसली होती, तिचं नाक लाल आहे. एकीला दिवस गेले होते, तिचा चेहरा भरलेला आणि झोपाळू. मी म्हटलं, फोटो का मागवत नाहीस? ती म्हणाली, "फोटोला लोक चेहरा आवरत्यात, बाई."

एक चेहरा राहिला. हिच्या शेजारी बसणारी, चित्रात निळा रंग वाटणारी तिची जिवलग. तिचा फोन भाऊ उचलायचा. बहीण अजून लपून चित्रं काढते हे त्याला कळलं होतं, आणि ते खूळ हिनं भरवलं असं त्याचं मत. हिचा आवाज ऐकला की तो फोन बंद करायचा. दिवाळीपासून तेच चाललेलं.

त्याच सुमारास परदेशातल्या एका कलाशाळेच्या बाई पुण्यात आल्या होत्या. जुन्या पद्धतीनं, सगळं हातानं करून चित्र काढणाऱ्या एकाच मुलीला त्या आपल्याकडे नेणार होत्या. शिकायला, राहायला जागा, पुढची वाट मोकळी. त्यांनी चित्र पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, अपुरं चित्र मला नेता येत नाही, शिमग्यापर्यंत इथं आहे, पुरं करून आण. हिच्या शिक्षणाच्या व्हिसाची मुदतही तेव्हाच संपत होती. जर्मनीत राहणाऱ्या काकांनी तिच्यासाठी एक स्थळ पाहून ठेवलं होतं. मुलाचं दुकान होतं, मुलगा चांगला होता, आणि त्यानं उदार मनानं कळवलं होतं की बायकोनं रविवारी चित्रं काढली तर त्याची हरकत नाही. हे मला सांगताना ती हसली नाही.

माझा स्वभाव तडकाफडकी निकाल लावायचा. म्हटलं, "अगं, तुला तिचा चेहरा पाठ आहे. दे ठोकून. कोण बघायला येतंय?"

ती बराच वेळ गोटा कागदावर फिरवत राहिली. मग म्हणाली, "मंग तिच्या जागंव दुसरीच कुनी बसंल, बाई. तिची एक जागा गेलीच हाय. ही पन म्या देऊ?"

मला राग आला, तिचा नाही, त्या भावाचा. शिमगा जवळ येत होता. गावात पोरं लाकडं गोळा करायला लागली. ही दुपारी चित्र समोर ठेवून बसायची, त्या मुलीच्या ओढणीखाली तांदळाच्या दाण्याएवढी कोरी जागा, आणि आमच्या माडाची सावली कागदावरून सरकत जायची. खोलीत तांदळाच्या पेजेचा वास. एवढं शांत की मला मनीचं घोरणं ऐकू यायचं.

मग मीच म्हटलं, तुझा आवाज तो ओळखतो, माझा ओळखत नाही ना? दे तो नंबर. आणि ते वाक्य मला शिकव.

मैत्रिणीचं नाव आणि "आज तुझा चेहरा कसा आहे", एवढंच फारसीत. माझी जीभ या वयात वळेना. मी गोठ्यात बसून घोकायचे आणि जाऊबाई धार काढता काढता माझ्यासोबत म्हणायच्या. त्यांचं आधी पाठ झालं. म्हशीला पण झालं असावं.

पहिल्या दिवशी भावानं उचलला, माझं पहिलं अक्षर ऐकलं आणि आपटला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या वेळी मात्र माझ्यातली मास्तरीण जागी झाली. "काय रे ए! मोठ्या माणसाचा फोन असा आपटतात? आईनं हेच शिकवलं का?" हे सगळं मराठीत, वर्गात ओरडायचे त्या आवाजात. पलीकडं एकदम चिडीचूप. त्याला एक अक्षर कळलं नसणार, पण असला आवाज कुठल्याही देशातल्या मुलाला कळतो. त्यानं फोन हळूच ठेवला.

त्यानंतरच्या दुपारी फोन एका बाईनं उचलला. आवाज माझ्याच वयाचा, दमलेला. मी मैत्रिणीचं नाव घेतलं आणि ते वाक्य म्हटलं. माझा उच्चार कसा होता देव जाणे. त्या बाईनं मला काहीतरी विचारलं. मला येत होतं तेवढंच होतं, म्हणून मी तेच परत म्हटलं, जरा हळू. पलीकडं तिनं कुणाला तरी दबक्या आवाजात हाक मारली.

ही माझ्याजवळ बसलेली. आपला आवाज जाऊ नये म्हणून तिनं ओढणीचा बोळा तोंडात धरला होता. फोनवर एक तरुण आवाज आला. मी तिसऱ्यांदा विचारलं. त्या मुलीनं काहीतरी छोटंसं उत्तर दिलं. मग काहीच नाही. फोन बंद झाला असं वाटून मी बघितलं, तर चालू होता. लांब जाणारी पावलं ऐकू आली, एक दार वाजलं. आम्ही दोघी त्या शांततेकडे कान लावून बसलो. पावलं परत आली. ती मुलगी एक शब्द बोलली आणि मग हसली, खालच्या आवाजात, जराशी. मग घाईघाईनं चार-पाच वाक्यं. मागं कुणीतरी पुरुष खाकरला आणि फोन बंद झाला.

हिनं डोळे पुसले नाहीत. हात धुतले, पुसले, शाईची बाटली उघडली. मी खोलीबाहेर येऊन दार ओढून घेतलं. उन्हं कलली तेव्हा तिनं मला आत बोलावलं. भिंगातून पाहिलं. निळा रंग वाटणारी मुलगी किंचित मान वर करून बघत होती. बाकीच्या मुली दुखऱ्या, झोपाळू, रुसलेल्या. हिचा चेहरा मात्र नवल वाटल्याचा होता. भुवया वर, ओठ जरासे उघडे.

"काय म्हणाली गं ती?" मी विचारलं. तिनं नुसतं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

चित्र वेळेत गेलं. जागा तिला मिळाली. काकांच्या स्थळाला तिनं आपण होऊन कळवलं की ती आठवड्यातले सगळे दिवस चित्रं काढणार आहे. जाण्याच्या दिवशी सामान पिकअपमध्ये चढलं, भाडं घेईन तर गावात तोंड दाखवणार नाही असं पिकअपवाला सांगत होता, जाऊबाई तांदळाचं गाठोडं तिच्या बॅगेत कोंबत होत्या. त्या गडबडीत ती मला बाजूला घेऊन गेली. म्हणाली, त्या दिवशीचं सांगायचं राहिलंय.

"आधी ती म्हनली, ठाऊक न्हाई. लई दिस झालं, म्या आरशात बघितलाच न्हाई. थांबा, बघून येती."

मला ती पावलं आठवली, ते दार.

"मंग आली आन् म्हनली, 'हाय.'"